चाई: किडीपासून प्रतिकारशक्तीपर्यंत

डोक्यावरची किंवा दाढीतली रुपयाएवढी जागा एकाएकी गुळगुळीत झाली की तिला आपल्याकडे चाई पडली म्हणतात, आणि ‘केसांना कीड लागली’ हे तिचे स्पष्टीकरण आजही घरोघरी ऐकायला मिळते. वैद्यकात या विकाराला ॲलोपेशिया एरियाटा असे नाव आहे. शंभरांतल्या साधारण दोघांना आयुष्यात केव्हातरी तो होतो आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याची सुरुवात चाळिशीच्या आत झालेली असते. त्याच्या कारणांविषयी आणि उपचारांविषयी दोन हजार वर्षे जे मतभेद चालले, त्यांचे मूळ या विकाराच्या एका खोडीत आहे. चट्टे थोडे आणि लहान असतील, तर एकतृतीयांश ते निम्म्या रुग्णांचे केस वर्षभरात काहीही न करता परत येतात. साहजिकच त्या काळात जो लेप लावला असेल, जो दात काढला असेल किंवा जो नवस बोलला असेल, त्याला श्रेय मिळत गेले.

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ विकारांमध्ये, चाईशी जुळणाऱ्या इंद्रलुप्ताचे वर्णन येते. रोमकूपात शिरलेले पित्त वाताच्या साथीने केस पाडते आणि मागाहून कफ रक्तासह रोमकूप बुजवतो, म्हणून तिथे नवा केस उगवत नाही, अशी तिथली उपपत्ती आहे. उपचार म्हणून जागा खरवडून तिच्यावर गुंजेचा लेप पुन्हा पुन्हा लावायला सांगितले आहे. (गुंजेच्या बीत अत्यंत जहाल विष असते, त्यामुळे हा प्रयोग घरी करू नये.) रोममध्ये पहिल्या शतकात सेल्सस या वैद्यकावरच्या ग्रंथकाराने चाईचे दोन प्रकार नोंदवले. त्यांपैकी एकात केस गेलेला पट्टा डोक्याच्या मागून सापासारखा वळत कानांपर्यंत येतो. हा प्रकार मुलांमध्ये दिसतो आणि पुष्कळदा आपोआप बरा होतो, असे तो लिहितो. आजचा अनुभव मात्र नेमका उलटा आहे, कारण हाच पट्टा उपचारांना सर्वांत कमी दाद देतो. जागा रोज वस्तऱ्याने भादरण्याइतका चांगला उपाय नाही, असेही सेल्ससचे मत होते.

किडीच्या कल्पनेला प्रयोगशाळेचा आधार मिळाला तो 19व्या शतकात. 1843 मध्ये पॅरिसमध्ये ग्रुबी याने टक्कल पडलेल्या मुलांच्या केसांवर सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहिली. ती खरी होती, पण ती डोक्यावरच्या गजकर्णाची होती. दोन्ही विकारांची सरमिसळ झाल्यामुळे चाई हा संसर्गजन्य रोग ठरला आणि चाई पडलेल्या मुलांना शाळेपासून दूर ठेवण्याची वेळ आली. पुढे जर्मनीत फॉन बेरेनश्प्रुंग याने 1858 मध्ये मज्जातंतूंच्या बिघाडाकडे बोट दाखवले, तर मॅक्स योसेफ याने 1886 मध्ये मांजरांच्या मानेतल्या मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया करून चट्टे पाडून दाखवले. विसाव्या शतकाच्या आरंभी जाके याने किडक्या दातांना दोषी धरले. परीक्षेच्या किंवा नोकरीच्या ताणाने चाई पडते ही आजची समजूत याच मज्जातंतूंच्या सिद्धांताची वारसदार आहे. अनेक रुग्ण ताणाचा एखादा प्रसंग सांगतात हे खरे, पण ताण हेच मूळ कारण असल्याचा पुरावा कच्चा आहे.

खरा धागा हाती आला तो त्वचेच्या कापात. चट्ट्याच्या कडेचा तुकडा काढून पाहिला, तर केसाच्या मुळाभोवती मधमाश्यांच्या मोहोळासारखी लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची दाटी दिसते. हा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा हल्ला असावा, ही शंका रॉथमन यांनी 1958 मध्ये मांडली. गिल्हार यांच्या गटाने 1998 मध्ये रुग्णांच्या टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) मानवी त्वचेच्या रोपणात सोडून तोच विकार घडवून दाखवला. 2010 मध्ये अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटाने जनुकीय अभ्यासातून याला बळकटी दिली. क्रिस्टियानो यांना स्वतःलाही हा विकार झालेला आहे. थायरॉइडचे विकार, कोड आणि दम्यासारख्या ॲलर्जीशी चाईचे असलेले नातेही या चौकटीत नीट बसते. मूळ शाबूत राहत असल्यामुळे केस परत येण्याची शक्यता कधीच पूर्णपणे संपत नाही, आणि परत येताना ते बहुधा आधी पांढरे उगवतात.

प्रत्येक चट्टा चाईचाच असतो असे मात्र नाही. त्वचारोगतज्ज्ञ भिंगातून चट्ट्याच्या कडेला मुळाशी निमुळते आणि टोकाला जाड असे तुटके केस शोधतो. ते दिसले की निदान जवळपास निश्चित होते. खपल्या असतील तर गजकर्णाचा, घट्ट वेण्या किंवा अंबाडा असेल तर ओढीचा, वेगवेगळ्या लांबीचे तुटलेले केस असतील तर ते उपटण्याच्या सवयीचा विचार होतो. तरुणांमध्ये कसर लागल्यासारखी विरळ डोकी दिसली तर उपदंशाची (सिफिलिसची) रक्ततपासणी आजही सांगितली जाते, आणि चट्ट्यावर व्रण दिसत असेल तर थांबून चालत नाही, कारण तिथली मुळे कायमची नष्ट होतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव परिसरात 2024 च्या अखेरीपासून अनेक गावांत लोकांचे केस काही दिवसांत झडले, तेव्हा ‘टक्कल व्हायरस’ हा शब्द आधी पसरला. नंतरच्या तपासात संशय सेलेनियम या खनिजावर गेला आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधले. तो प्रकार चाईचा नव्हता, पण संसर्गाची भीती मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या युरोपातलीच होती.

उपचारांच्या इतिहासात गुंजेचा लेप वाटतो तितका परका नाही. 1970 च्या दशकात डीएनसीबी आणि 1983 पासून डीपीसीपी हे रसायन लावून त्वचेवर मुद्दाम ॲलर्जी आणवण्याचा उपचार रूढ झाला. मोठ्या चट्ट्यांसाठी डीपीसीपी आजही वापरात आहे. कांद्याचा रस किंवा लसूण चोळण्यामागेही त्वचा चेतवण्याचीच कल्पना आहे, मात्र तिथे मात्रेवर कोणाचेच नियंत्रण नसते आणि भाजल्यासारखे फोड उठतात. थोडे चट्टे असतील, तर 1950 च्या दशकापासून चालत आलेली स्टेरॉइडची इंजेक्शने अजूनही पहिली निवड आहेत. ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड चट्ट्यात चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने टोचतात आणि मात्रा जास्त झाली तर तिथे त्वचेला खळगा पडतो. मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे औषध जोडीला दिले जाते, एकट्याने ते फारसे पुरत नाही.

2014 मध्ये येल विद्यापीठातल्या दोन डॉक्टरांनी सोरायसिस असलेल्या, अंगावर जवळपास केसच न उरलेल्या 25 वर्षांच्या तरुणाला टोफासिटिनिब हे औषध दिले आणि काही महिन्यांत त्याचे डोके केसांनी भरले. प्रतिकारशक्तीच्या पेशींना संदेश पोचवणाऱ्या जॅक नावाच्या एंझाइमांना अडवणाऱ्या औषधांचा मार्ग तिथून मोकळा झाला. त्यांतल्या बॅरिसिटिनिबला अमेरिकेत जून 2022 मध्ये प्रौढांतल्या तीव्र विकारासाठी मान्यता मिळाली. ज्या दोन चाचण्यांच्या आधारे ती मिळाली, त्यांत 4 मिलिग्रॅमची मात्रा घेणाऱ्यांपैकी 36 आठवड्यांनंतर 38.8 आणि 35.9 टक्के लोकांच्या डोक्यावर 80 टक्के किंवा त्याहून अधिक केस होते. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 6.2 आणि 3.3 टक्के होते. रिटलेसिटिनिब 2023 मध्ये 12 वर्षांपुढच्यांसाठी मान्य झाले. ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करावी लागते, गंभीर संसर्ग आणि रक्तात गुठळ्या होण्याचा इशारा त्यांच्या वेष्टनावर असतो आणि गोळी बंद केली की पुष्कळांचे केस पुन्हा झडू लागतात.