तानतुई

तानतुई : उत्तर चीनमधील कुंग फूच्या अनेक शैलींत नवशिक्याला प्रथम शिकविण्यात येणारा हालचालींचा संच. तो सामान्यतः दहा किंवा बारा छोट्या खंडांचा असतो व प्रत्येक खंडाला ‘लू’ म्हणजे वाट म्हणतात. एका वाटेत मोजक्याच हालचाली असतात. त्या डाव्या-उजव्या अंगांनी आलटून पालटून करीत विद्यार्थी सरळ रेषेत अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो, वळतो आणि तसाच परत येतो. पवित्रे, ठोसे, हाताने वार अडविणे आणि समोर झटक्याने सुटणारी लाथ हे त्याचे घटक होत. शानतुंग व हबेई प्रांतांतील चाछुआन या शैलीशी त्याचे नाते विशेष जवळचे असले, तरी विसाव्या शतकात तो कोणत्याही एका शैलीचा राहिला नाही.

उत्पत्ती : नावाची दोन लेखने रूढ आहेत. एकातील पहिल्या अक्षराचा अर्थ ‘झटक्याने सुटणे’ आणि दुसऱ्यातील ‘डोह’ असा आहे. ‘तुई’ म्हणजे पाय. उत्पत्तीविषयीचे दोन मुख्य पक्ष या दोन लेखनांमागे उभे आहेत.

‘डोह’ लिहिणारे पश्चिम शानतुंगमधील लिनछिंगच्या लुंगतान म्हणजे ड्रॅगनच्या डोहाच्या मंदिराकडे बोट दाखवितात. इ. स. ९६० मध्ये चाओ क्वांगयिन याने सत्ता घेऊन सुंग घराण्याची स्थापना केली, तेव्हा पराभूत उत्तरकालीन चौ घराण्याचा एक सेनानी भिक्षू होऊन येथे आला व कुनलुन या नावाने त्याने ही विद्या शिकविली, अशी तेथील परंपरा आहे. सेनानीने राज्य बुडाल्यावर मठात आश्रय घेणे हा चिनी मल्लविद्येच्या कथांतील नेहमीचा साचा असल्याने हा वृत्तांत जपूनच घ्यावा लागतो.

दुसरा पक्ष ह्वी या चिनी मुस्लिम समाजाचा. ‘नानजिंगपासून बीजिंगपर्यंत कुठेही जा, तानतुई निघाली ती धर्मबांधवांतूनच’ अशा आशयाची म्हण उत्तरेत प्रचलित आहे आणि येथे धर्म म्हणजे इस्लाम अभिप्रेत आहे. या पक्षाच्या कथेचेही दोन पाठ आढळतात. एकानुसार तांग काळात (आठव्या शतकात) आन लूशानचे बंड मोडण्यासाठी पूर्वेकडे निघालेला ह्वा त्सुंगछी नावाचा तरुण आजारी पडून शानतुंगच्या ग्वान परगण्यात मागे राहिला. गावकऱ्यांनी केलेल्या शुश्रूषेची उतराई म्हणून त्याने त्यांना मुष्टियुद्ध शिकविले व पुढे आपला सहकारी चा युआनयी यालाही बोलावून घेतले. दुसऱ्या पाठात हीच घटना मिंग काळाच्या उत्तरार्धात (सोळाव्या शतकात), जपानी चाच्यांविरुद्धच्या मोहिमेच्या वेळी घडते आणि नायक असतो पश्चिमेकडून आलेला चा मीर. आजारपण, शुश्रूषा, उपकाराची फेड आणि ग्वान परगणा हे सारे दोन्हींत समान असून अंतर तेवढे सुमारे आठशे वर्षांचे आहे. अशा वेळी कथेवरून काळ ठरविणे योग्य नव्हे. ग्वान परगण्यातील ह्वी वस्तीत ही विद्या दीर्घकाळ रुजलेली होती एवढाच निष्कर्ष त्यातून सुरक्षितपणे काढता येतो. मूळ वाटा अरबी वर्णमालेइतक्या म्हणजे अठ्ठावीस होत्या, हेही मौखिक परंपरेतील विधान आहे. आज या शाखेत दहाच वाटा शिकवितात.

मिंग सेनापती छी जिग्वांग याने १५६० च्या सुमारास रचलेल्या युद्धविषयक ग्रंथात समकालीन निष्णातांची यादी देताना ‘शानतुंगच्या ली बानत्यानचे पाय’ असा उल्लेख केला आहे. काही लेखक यालाच तानतुईचा सर्वांत जुना पुरावा मानतात. प्रांत जुळतो आणि पायांचे कौशल्यही जुळते; पण त्या ओळीत तानतुईचे नाव नाही, वाटांचा निर्देश नाही आणि ली ह्वी होता असेही म्हटलेले नाही.

नावानिशी सांगता येणारी गुरुपरंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळते. चाछुआनच्या तीन शाखा जांग छीवै, यांग हुंगश्यू आणि ली अन्जू या तिघांच्या नावाने ओळखल्या जातात. यांग हुंगश्यूचा शिष्य, त्सांगचौ येथील वांग झपिंग (१८८१–१९७३), याच्यापाशी ही परंपरा आधुनिक संस्थांना येऊन मिळते. आधीच्या काळाविषयी मतभेद कितीही असले, तरी येथून पुढचा इतिहास बराच भरवशाचा आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचाही तोच आहे.

भारतीय वाचकाला बोधिधर्म आठवणे स्वाभाविक आहे. दक्षिण भारतातून गेलेल्या या भिक्षूने शाओलिन मठात कुंग फूचा पाया घातला, ही समजूत आपल्याकडे दृढ आहे. तिचा एक मोठा आधार असलेला ‘यीजिनजिंग’ हा व्यायामग्रंथ त्याच्या नावावर असला, तरी तो १६२४ च्या सुमाराचा असल्याचे सामान्यतः मानले जाते. त्याच्या प्रस्तावना बनावट असल्याचे तांग हाओ (१८९७–१९५९) या इतिहासकाराने दाखवून दिले. तानतुईच्या परंपरेत तर बोधिधर्माचे स्थान जवळजवळ नाहीच.

प्रारंभिक शिक्षणाचा विचार : छी जिग्वांगच्या उपर्युक्त ग्रंथातील दुसरे एक विधान तानतुईच्या उत्पत्तीपेक्षा तिच्या हेतूवर अधिक प्रकाश टाकते. मुष्टियुद्धाचा मोठ्या लढाईशी फारसा संबंध दिसत नाही. पण ते हातपाय मोकळे करते, अंगाला श्रमाची सवय लावते आणि म्हणून नवशिक्यासाठी ते विद्येचे प्रवेशद्वार होय, असे तो म्हणतो. त्याच्यासमोर शेतकरीवर्गातून भरती केलेले सैनिक होते व त्यांच्या हाती शेवटी भाला-ढालच द्यावयाची होती. ग्रंथाच्या नंतरच्या, १५८४ च्या, आवृत्तीत हे प्रकरण त्याने वगळले. वगळण्याचे कारण काहीही असो, हात मोकळे ठेवून आधी शरीर घडवावे व मग शस्त्र द्यावे, हा क्रम उत्तरेकडील शाळांत आजही पाळला जातो.

प्रत्यक्ष वाटांपूर्वी काही काळ केवळ पायाभूत व्यायामात जातो. पाय ताणणे, सरळ पाय उंच फेकणे आणि पवित्र्यात स्थिर उभे राहणे हे त्यात येते. मा-बू म्हणजे घोडेस्वाराचा पवित्रा : दोन पावलांत पावलाच्या सुमारे तिप्पट अंतर, मांड्या जमिनीला जवळजवळ समांतर, पाठ सरळ. गोंग-बू म्हणजे धनुष्याचा पवित्रा. यात पुढचा गुडघा वाकलेला व मागचा पाय ताणलेला असतो. आधी तीन वर्षे नुसते उभे राहावे, असे जुने लोक सांगत. ही मुदत शब्दशः घेण्याचे कारण नाही. शिकविण्याजोगा विद्यार्थी पारखण्याचा तो एक मार्ग होता. तालमीत वस्ताद नव्या पोराला डाव दाखविण्याआधी महिनोन्‌महिने दंड-बैठका आणि हौदा उकरणे यांतच ठेवतो, तसाच हा प्रकार. लहान मुलांना फार खोल पवित्र्यात दीर्घकाळ उभे केल्यास गुडघे दुखावतात. म्हणून अलीकडचे शिक्षक पवित्रा थोडा उंच आणि वेळ कमी ठेवतात, हे जुन्यापेक्षा निश्चितच शहाणपणाचे आहे.

वाटांचे स्वरूप : वाटांचा क्रम लक्षात राहावा म्हणून पाठांतराची पद्ये आहेत. पहिल्या वाटेत ज्या बाजूचा पाय पुढे त्याच बाजूचा हात पुढे येतो आणि दोन्ही हात मागे-पुढे एका रेषेत पसरतात. पद्यात त्यांना कावडीच्या दांडीची उपमा दिली आहे. दुसऱ्या वाटेत हे नाते उलटते : उजवा पाय झाडताना डावा ठोसा जातो. नवशिक्याची खरी तारांबळ येथे उडते, कारण एका पायावर उभे असताना हात आणि पाय विरुद्ध दिशांनी एकमेकांना तोलतात हे त्याला प्रथमच जाणवते. पाचवीत एका हाताने अडवून त्याच क्षणी दुसऱ्याने मारणे, आठवीत वळणे आणि दहावीत उडी घेऊन लाथ अशी चढण आहे. परंपरेनुसार तपशील बदलतात व बारा वाटांच्या संचातील क्रमही वेगळा असतो.

लाथेचे तंत्र सर्वत्र जवळजवळ सारखे आहे. आधी गुडघा वर येतो, पाऊल ताणले जाते, नडगी झटक्याने पुढे सुटते व लगेच मागे येते. उभा पाय किंचित वाकलेलाच राहतो आणि डोके वर उचलले जात नाही. किती उंच मारावे याविषयी मात्र एकमत नाही. काही शाखांत लाथ नडगी ते गुडघ्याच्या उंचीवरच जाते, तर इतरांत कमरेपर्यंत. खालची लाथ दिसायला रुक्ष असली, तरी ती दिसण्यापूर्वी लागते आणि मारणाऱ्याचा तोलही ढळत नाही. उंच लाथेचा पसारा प्रात्यक्षिकांमुळे वाढला असावा. नवशिक्यांत वारंवार दिसणारे दोष म्हणजे मागची टाच उचलली जाणे, लाथ गुडघ्यातून न मारता कमरेतून भिरकावणे, ती परत न ओढता खाली पाडणे आणि प्रत्येक पावलागणिक अंग वरखाली होणे.

अन्य बहुतेक मालिकांत उजव्या अंगाला झुकते माप असते. तानतुईत प्रत्येक हालचाल दोन्ही अंगांनी सारख्याच वेळा होते. शिवाय वाट सरळ आणि छोटी असल्याने दहा-वीस मुले ओळीत उभी करून एकाच हुकमावर चालविता येतात व चूक कोणाची हे बाजूला उभ्या शिक्षकाला लगेच दिसते. तिच्या प्रसाराचे श्रेय प्राचीनत्वापेक्षा या सोयीला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

वर्गशिक्षणात प्रवेश : परंपरागत पद्धतीत शिष्याने रीतसर नमस्कारविधी करून गुरूला शिफू म्हणजे गुरुपिता मानावे व त्याच्या घरच्या माणसासारखे वागावे, अशी अपेक्षा असे. ह्वी समाजात शिक्षण पुष्कळदा मशिदीच्या आवारात होई आणि बाहेरच्याला सहसा मिळत नसे. हे चित्र पालटले ते शांघायमध्ये १९१० साली स्थापन झालेल्या जिंगवू संस्थेमुळे. तिचे नाव ह्वो युआनजिया (१८६८–१९१०) या मल्लाशी जोडलेले आहे. मात्र स्थापनेच्या वर्षीच त्याचे निधन झाले. (त्याला विष दिले गेल्याची कथा चित्रपटांनी घरोघर पोहोचविली, ती सिद्ध झालेली नाही.) प्रत्यक्ष उभारणी चेन गुंगचे, लू वैचांग व याओ चानबो या शहरी, व्यापारी वर्गातील तरुणांनी केली. ठरावीक वर्गणी, ठरावीक वेळ, छापील पुस्तके, छायाचित्रे आणि स्त्रियांना प्रवेश या गोष्टी तेव्हा नव्या होत्या.

जिंगवूने निरनिराळ्या शैलींच्या शिक्षकांना एकत्र आणले. तरीही कोणतीही शैली निवडण्यापूर्वी प्रत्येक सदस्याला दहा समान मालिका शिकाव्या लागत. त्यांतील पहिली बारा वाटांची तानतुई. त्यानंतर गुंगलीछुआन, ज्येछुआन, दाजानछुआन व ताओछुआन या एकट्याने करावयाच्या चार, मग ‘ज्ये तानतुई’ ही दोघांची मालिका आणि शेवटी काठी, तलवार, भाला व तलवार विरुद्ध भाला असा क्रम होता. दोघांच्या मालिकेचे स्थान लक्षणीय आहे. तोवर हवेत मारलेला ठोसा समोरच्याच्या हातावर आदळतो आणि अमुक हालचाल अशीच का, हे न सांगता कळते. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस सिंगापूर, क्वालालंपूर इत्यादी ठिकाणी शाखा निघाल्या व हा अभ्यासक्रम आग्नेय आशियातील चिनी वस्त्यांत पोहोचला.

शालेय शिक्षणातही याच सुमारास चळवळ झाली. १९१५ मध्ये शाळांत जुनी युद्धकौशल्ये शिकवावीत असा ठराव शिक्षणक्षेत्रात झाला. शानतुंगमधील लष्करी अधिकारी मा ल्यांग याने कवायतीच्या हुकमांवर चालणारी पाठ्यपुस्तके तयार केली. लेखक लू शुन याने या पुनरुज्जीवनावर १९१८ मध्ये कडक टीका केली. १९२८ मध्ये नानजिंग येथे जांग झज्यांग याच्या पुढाकाराने चिनी युद्धकलांची केंद्रीय संस्था स्थापन झाली व वांग झपिंग तेथे शिक्षक झाला. या संस्थेचा विद्यार्थी जांग वनग्वांग (१९१५–२०१०) हा चाछुआन व तानतुईतील तज्ज्ञ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी गेलेल्या चिनी प्रात्यक्षिक पथकात होता. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही त्याच सुमारास देशी खेळांच्या प्रात्यक्षिकांसाठी बर्लिनला गेले होते.

१९४९ नंतर क्रीडाखात्याने नव्या प्राथमिक मालिका रूढ केल्या. पाच मूलभूत पवित्रे एकाच छोट्या मालिकेत गुंफणारी वूबूछुआन आणि प्राथमिक चांगछुआन यांनी शाळा-महाविद्यालयांत तानतुईची जागा बऱ्याच अंशी घेतली. त्यांत गती व देखणेपणा अधिक आहे. डाव्या अंगाला मिळणारा सराव मात्र घटला.

दक्षिणेकडे सुरुवात निराळी होते. हुंग गार या शैलीत खालच्या पवित्र्यावर बेतलेली दीर्घ व्याघ्रमालिका, तर विंग चुन या शैलीत जागेवर उभे राहून केवळ हातांनी करावयाची स्यू निम ताउ प्रथम शिकवितात. १९५० च्या सुमारास हाँगकाँगमध्ये शिकवू लागलेल्या इप मानमुळे (१८९३–१९७२) ती जगभर गेली.

महाराष्ट्रात कुंग फूचे आकर्षण १९७० च्या दशकात ब्रूस लीच्या चित्रपटांनी निर्माण केले. येथील वर्गांत चिनी हालचालींबरोबर कराटेचे घटक व रंगीत पट्ट्यांची श्रेणी दिसते. पट्ट्यांची पद्धत जपानी जूदोतून आलेली असून पारंपरिक चिनी शिक्षणात ती नव्हती.

उत्तरेकडील प्रार्थनाकीटक शैलीच्या काही शाखांत चौदा वाटांची तानतुई आढळते. या शैलीचा ल्वो ग्वांगयू हा शिक्षक १९१९ पासून जिंगवूत शिकवीत होता. त्याच्या परंपरेत जिंगवूच्या अन्य मालिकाही मिसळल्या आहेत.