हवाई दलाचा ताफा आणि तळ : एका नकाशाची पार्श्वभूमी

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-21 विमानांना निरोप देण्यात आला आणि भारतीय हवाई दलातील लढाऊ स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या तुकड्यांची, संख्या 29 वर आली. मंजूर संख्या 42 आहे. निरोपासाठी चंदीगडची निवड झाली, कारण या विमानांची पहिली स्क्वाड्रन 1963 मध्ये तिथेच उभी राहिली होती. त्यानंतरची चर्चा बहुतेक 29 आणि 42 या दोन आकड्यांभोवती फिरत राहिली. पण कोणते विमान ताफ्यात का आले आणि ते आज ज्या तळावर उभे आहे तिथेच का उभे आहे, या प्रश्नांची उत्तरे या आकड्यांत सापडत नाहीत. विमानाचे आयुष्य साधारण तीस-चाळीस वर्षांचे असते. मिग-21 ने बासष्ट वर्षे काढली, तो अपवाद. धावपट्टी मात्र त्याहून कितीतरी अधिक काळ टिकते. त्यामुळे ताफा बदलत गेला, तरी तळांचा नकाशा मागच्या युद्धांचा हिशेब तसाच बाळगून आहे.

हवाई दलाची अधिकृत स्थापना 8 ऑक्टोबर 1932 ची. पहिली तुकडी 1 एप्रिल 1933 रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे चार वापिती विमानांनिशी सुरू झाली. त्या काळी ब्रिटिश सरकारला धोका दिसत होता तो अफगाण सीमेकडून आणि टोळ्यांच्या मुलखातून, म्हणून पेशावर, कोहाट, रिसालपूर असे महत्त्वाचे तळ वायव्येला होते. दुसऱ्या महायुद्धाने या नकाशात पूर्वेची भर घातली. 1942 मध्ये जपानी सैन्याने ब्रह्मदेश घेतला, चीनला जाणारा रस्ता तुटला आणि हिमालयाच्या पूर्व टोकावरून विमानाने माल पोहोचवण्यासाठी आसामात व बंगालमध्ये घाईघाईने धावपट्ट्या बांधाव्या लागल्या. छबुआ, तेजपूर, जोरहाट ही नावे त्या धामधुमीतली आहेत. पुण्याचा लोहगाव तळ 1939 चा, मुंबईच्या संरक्षणासाठी उभारलेला. पुढे 1947 मध्ये वायव्येचे जवळजवळ सारे कायमस्वरूपी तळ पाकिस्तानात गेले आणि तोवर आतल्या भागातला समजला जाणारा अंबाला एकाएकी आघाडीचा तळ झाला. तो आजही तसाच आहे.

फाळणीनंतर अडीच महिन्यांच्या आत पहिली परीक्षा झाली. 27 ऑक्टोबर 1947 रोजी डकोटा या मालवाहू विमानांनी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान दिल्लीहून श्रीनगरला उतरवले. पुढच्या वर्षी 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन लेहच्या नुकत्याच तयार झालेल्या कच्च्या पट्टीवर डकोटा उतरवले. साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, मार्गाचा धड नकाशा हाती नसताना केलेल्या या उड्डाणाने लडाखचा तळ अस्तित्वात आणला. विमानांची चणचण तर इतकी होती की, महायुद्धानंतर कानपूरला मोडून टाकलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीने पुन्हा उडती केली आणि ती 1968 पर्यंत वापरात राहिली. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये बंगळूरला काढलेली. दुरुस्तीतून शिकत बांधणीकडे जाण्याची तिची वाट तिथपासून सुरू होते.

1948 च्या अखेरीस आलेली व्हॅम्पायर ही हवाई दलाची पहिली जेट विमाने ब्रिटिश होती. पुढच्या दहा वर्षांत मात्र सरकारने जाणूनबुजून दुसरी दारे ठोठावली. फ्रान्सकडून 1953 मध्ये ऊरागाँ घेतले, त्याला हवाई दलाने तूफानी असे नाव दिले. पाठोपाठ मिस्टेअर आले, ब्रिटनकडून हंटर व कॅनबेरा आले आणि छोटे नॅट परवान्यावर बंगळूरला बनू लागले. एकाच पुरवठादारावर विसंबायचे नाही, हा विचार त्यामागे होता. त्याची किंमतही ठरलेली होती : प्रत्येक विमानाचे सुटे भाग वेगळे, अवजारे वेगळी, तंत्रज्ञांचे प्रशिक्षण वेगळे. आजच्या ताफ्यातल्या खिचडीला केवळ खरेदीतला गोंधळ जबाबदार आहे असे मानणारे हा धागा विसरतात.

1962 हे वर्ष या साऱ्या इतिहासाच्या मध्यभागी आहे. पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-104 स्टारफायटर मिळाली होती आणि भारताला तशी विमाने मिळत नव्हती. सोव्हिएत संघाने मिग-21 देऊ केले आणि त्यासोबत ते भारतात बनवण्याचा परवानाही देऊ केला. निर्णयाला वजन आले ते या दुसऱ्या गोष्टीमुळे. करार त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये झाला, म्हणजे चीनच्या हल्ल्याच्या दोन महिने आधी. त्यामुळे ही विमाने चीनच्या युद्धामुळे घेतली गेली, हा समज बरोबर नाही.

प्रत्यक्ष युद्धात लढाऊ विमाने वापरलीच गेली नाहीत. चिनी विमाने कोलकात्यासारख्या शहरांवर बॉम्ब टाकतील, ही भीती निर्णय घेणाऱ्यांच्या मनात होती. तिबेटमधल्या खूप उंचावरच्या धावपट्ट्या पाहता ती कितपत साधार होती, याबद्दल नंतर बरेच लिहिले गेले आहे. कारण इतक्या उंचीवर हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि विमानाला इंधन किंवा बॉम्ब यांपैकी काहीतरी कमी घ्यावे लागते. भारतीय विमाने मैदानातल्या सखल तळांवरून पूर्ण भाराने उडू शकत होती. भूगोलाने दिलेला हा फायदा 1962 मध्ये वाया गेला, असे माझे मत आहे. मालवाहू विमानांनी मात्र आपले काम चोख केले. एएन-12 विमानांनी चंदीगडहून एएमएक्स-13 रणगाडे लडाखमधल्या चुशूलच्या पट्टीवर नेऊन उतरवले. त्याआधी जुलैत स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी लडाखच्या उत्तर टोकाला 16,614 फूट उंचीवरच्या दौलत बेग ओल्डी येथे पॅकेट विमान उतरवले होते. ती पट्टी 1960 च्या दशकातच बंद पडली आणि पुढची चार दशके तशीच पडून राहिली.

मिग-21 च्या परवान्याचे फळ महाराष्ट्राच्या वाट्याला आले. विमानाचा सांगाडा आणि जोडणी नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. तिन्ही ठिकाणे सीमेपासून दूर आहेत, हे उघडच आहे. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर 1962 मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि 1963 मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. ओझरच्या कारखान्याचे श्रेय नाशिककर आजही त्यांना देतात. हवाई दलाने एकूण 870 हून अधिक मिग-21 वापरली आणि त्यांतली साडेसहाशेच्या आसपास भारतातच तयार झाली. त्याच आवारात पुढे मिग-27 आणि सुखोई-30 यांची बांधणी झाली. कारखान्याशेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपोही वाढला. गोदाकाठच्या द्राक्षबागांच्या पट्ट्यात लढाऊ विमानांचे एक अख्खे गाव वसले ते असे.

1965 च्या युद्धाने तळांविषयी कडू धडा दिला. 6 सप्टेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटवर हल्ला केला, तेव्हा भारताची विमाने उघड्यावर उभी होती. सुमारे 10 विमाने जमिनीवरच नष्ट झाली आणि त्यांत नव्या मिग-21 पैकी दोन होती. दुसऱ्या दिवशी पूर्वेला कलाईकुंडा येथेही असेच घडले. आकाशात नॅटने सेबरला दिलेली टक्कर लोकांच्या लक्षात राहिली. हवाई दलाने लक्षात ठेवले ते जमिनीवरचे नुकसान. पुढच्या सहा वर्षांत सीमेजवळच्या तळांवर विमानांसाठी काँक्रीटचे निवारे उभे राहिले, विमाने विखरून ठेवण्याची पद्धत आली, टेहळणीसाठी रडारची साखळी वाढली.

या खर्चाचा हिशेब 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी लागला. पाकिस्तानने अमृतसरपासून आग्र्यापर्यंतच्या तळांवर एकाच वेळी हल्ला चढवला, पण विमानांचे फारसे नुकसान झाले नाही. (आग्र्याच्या तळापासून जवळ असलेला ताजमहाल त्या दिवसांत आच्छादून ठेवावा लागला होता.) दोन दिवसांनी जैसलमेरच्या पट्टीवरून उडालेल्या मोजक्या हंटर विमानांनी लोंगेवालाजवळ वाळवंटात अडकलेले रणगाडे टिपले. आघाडीच्या तळाचे महत्त्व इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. भुजची धावपट्टी बॉम्बहल्ल्यांत उखडली, तेव्हा माधापर गावच्या सुमारे 300 महिलांनी तीन दिवसांत ती पुन्हा वापरण्याजोगी केली. पूर्वेला मिग-21 नी ढाक्याच्या तेजगाव धावपट्टीवर खड्डे पाडून तिथल्या सेबर विमानांना जमिनीला खिळवले आणि 14 डिसेंबरला गव्हर्नमेंट हाऊसवर रॉकेटे डागली. त्याच दिवशी श्रीनगरच्या तळाचा बचाव करताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांना वीरमरण आले. परमवीर चक्र मिळालेले ते हवाई दलाचे एकमेव अधिकारी.

आजच्या ताफ्याचा बराचसा भाग 1978 ते 1987 या दशकातल्या खरेदीतून आला. जग्वार 1979 पासून येऊ लागली आणि पहिल्यांदा अंबाल्याला ठेवली गेली. पाकिस्तानला एफ-16 मिळाल्यावर भारताने फ्रान्सकडून मिराज-2000 घेतले आणि ते 1985 मध्ये ग्वाल्हेरला गेले. सोव्हिएत संघाकडून आलेल्या मिग-29 चे पहिले घर लोहगाव होते. एका प्रकारची विमाने एक-दोन तळांवरच का एकवटतात, याचे कारण व्यवहाराचे आहे. चाचणीची उपकरणे, क्षेपणास्त्रांची कोठारे, सिम्युलेटर आणि हात बसलेले तंत्रज्ञ हे सारे विमानाबरोबर हलवावे लागते आणि ते महाग पडते. ग्वाल्हेर म्हणजे मिराज हे समीकरण त्यामुळेच चार दशके टिकले. 2019 मध्ये बालाकोटच्या हल्ल्यासाठी निघालेली मिराज विमानेही तिथलीच होती. याच काळात 1980 मध्ये नैर्ऋत्य आणि 1984 मध्ये दक्षिण अशा दोन नव्या कमांड उभ्या राहिल्या. दिल्ली, शिलाँग, प्रयागराज, गांधीनगर व तिरुवनंतपुरम येथे मुख्यालय असलेल्या पाच लढाऊ कमांड, त्यांच्या जोडीला देखभालीची नागपूरला आणि प्रशिक्षणाची बंगळूरला, ही आजची रचना तिथे पूर्ण झाली.

1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि सुट्या भागांसाठी एकाच सरकारशी बोलण्याचे दिवस संपले. ताफ्यातली बहुसंख्य विमाने तिकडचीच असल्याने उड्डाणाचे तास आणि देखभाल या दोन्हींची ओढाताण झाली. तरीही 1996 मध्ये रशियाशीच सुखोई-30 चा करार झाला. भारताच्या मागणीप्रमाणे बदललेले, फ्रेंच व इस्रायली उपकरणे बसवलेले सुखोई-30 एमकेआय हे विमान सप्टेंबर 2002 मध्ये लोहगावला दाखल झाले. एकूण 272 विमानांची मागणी नोंदवली गेली आणि आजच्या लढाऊ ताफ्याचा कणा हेच विमान आहे. पुण्याहून ते बरेली, तेजपूर, हलवारा असे पसरत गेले आणि जानेवारी 2020 मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्रासह तंजावरला पोहोचले. तंजावरहून नजर ठेवायची ती हिंदी महासागरावर, हे सांगायला नको.

मधल्या काळात नजर पुन्हा उत्तरेकडे वळली. 31 मे 2008 रोजी दौलत बेग ओल्डीच्या पट्टीवर एएन-32 उतरले आणि ऑगस्ट 2013 मध्ये सी-130जे. अरुणाचल प्रदेशातल्या पासीघाट, मेचुका, वालोंग, झिरो अशा जुन्या पट्ट्या दुरुस्त करून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. दिल्लीजवळचा हिंडन तळ सी-17 आणि सी-130जे या अमेरिकी मालवाहू विमानांचे केंद्र झाला, कारण तिथून लडाखला रणगाडा थेट नेता येतो. 1962 मध्ये चंदीगडने केलेले काम मोठ्या प्रमाणावर हिंडनने उचलले. 126 विमानांच्या खरेदीची योजना बारगळल्यावर थेट घेतलेल्या 36 राफेल विमानांचे दोन भाग झाले : पहिली स्क्वाड्रन अंबाल्याला, दुसरी उत्तर बंगालमध्ये हाशिमाऱ्याला. एक पाकिस्तानसमोर, एक चीनसमोर. विमान नवे आणि तळ जुने, हे इथे सर्वांत ठळकपणे दिसते.

राहिले तेजस. मिग-21 ची जागा घेण्यासाठी हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प 1983 मध्ये मंजूर झाला आणि पहिले उड्डाण 4 जानेवारी 2001 रोजी झाले. स्वदेशी कावेरी इंजिन वेळेत तयार झाले नाही आणि 1998 च्या अणुचाचण्यांनंतरच्या अमेरिकी निर्बंधांनी उड्डाण-नियंत्रण प्रणालीचे काम अडले. पहिली स्क्वाड्रन जुलै 2016 मध्ये बंगळूरला उभी राहून नंतर कोइमतूरजवळच्या सुलूरला गेली. सुधारित मार्क-1ए ची 83 विमाने फेब्रुवारी 2021 मध्ये आणि आणखी 97 सप्टेंबर 2025 मध्ये, मिग-21 च्या निरोपाच्या आदल्याच दिवशी, मागवण्यात आली. बंगळूरच्या दोन उत्पादन साखळ्या पुरणार नाहीत म्हणून तिसरी ओझरला सुरू झाली. चंदीगडच्या निरोप समारंभाला तीन आठवडे होतात न होतात तोच, 17 ऑक्टोबर 2025 रोजी, ओझरला तयार झालेल्या पहिल्या मार्क-1ए ने उड्डाण केले. त्याचे इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे आहे आणि विमाने हवाई दलाला सोपवण्याचे वेळापत्रक लांबण्याचे एक मोठे कारण या इंजिनांचा रखडलेला पुरवठा हेच आहे.