साडेचार फेऱ्या, एक सूर

बेळगाव-शहापूरच्या जुन्या घरांचे माळे रिकामे होऊ लागले, की ट्रंकांतून ग्रामोफोनच्या लाखेच्या तबकड्या बाहेर येतात. कुणीतरी त्या मोबाइलवर उतरवून गाण्याच्या ग्रुपवर टाकतं आणि ठरलेला वाद सुरू होतो. एक म्हणतो, "बघा, त्या वेळचे बुवा पांढरी चारला गायचे, आताच्यांना काळी एकलाच घाम फुटतो." म्हणजे पेटीची ती पट्टी 'सा' धरून. दुसरा पेटी काढून बसतो, तर रेकॉर्डचा सूर पांढरी चार आणि लगतची काळी तीन यांच्यामध्येच लोंबकळत असतो. मग पेटीच बेसूर ठरते. ज्या गावाने पं. रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी ऐकली, तिथे पेटीवर असा आळ येऊ नये. दोष बहुतेक वेळा तबकडीच्या फेऱ्यांचा, म्हणजे ती किती वेगाने फिरते याचा असतो.

मायक्रोफोन नव्हता तेव्हा नाटकातले नट-गायक उंच पट्टीत गात, हे खरंच आहे. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला दुसरा उपाय नव्हता. पण किती उंच, याचा पुरावा म्हणून तबकडी पुढे केली, की आधी तिची उलटतपासणी करावी लागते.

तबकडीवरच्या खाचेत नागमोडी वळणं असतात. सेकंदाला जितकी वळणं सुईखालून जातील, तितकी सुराची कंपनसंख्या. तबकडी जलद फिरवली, की वळणं जास्त जातात आणि सूर चढतो. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत सुमारे ५.९५ टक्क्यांचा फरक असतो, कारण ही वाढ बारा वेळा एकावर एक चढली की कंपनसंख्या बरोबर दुप्पट होते. या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनी वाजवतात. ७८ चे ५.९५ टक्के म्हणजे ४.६. मिनिटाला साडेचार फेऱ्या जास्त पडल्या, की काळी एकचे बुवा पांढरी दोनला जाऊन बसतात. सोबत लयही वाढते. ३ मिनिटं २० सेकंदांची चीज (बंदिश) ३ मिनिटं ९ सेकंदांत उरकते आणि तानेला नसलेली चपळाई येते.

"पण रेकॉर्डवर ७८ छापलंय की!" छापलं असेल, पण ७८ हा आकडा सगळीकडे रुळला तो पुढे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करू लागला, तेव्हा मेणाची तबकडी फिरवणारं यंत्र उतरत्या वजनावर चालायचं आणि त्याचा वेग एका स्क्रूने लावला जायचा. त्या काळातल्या तबकड्या ७० पासून ८२ फेऱ्यांपर्यंत कुठेही सापडतात. दोन टोकांमधला फरक पावणेतीन पट्ट्यांचा! १९२५ नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि वेग हळूहळू ७८ ला स्थिरावला. तोही नेमका ७८ नव्हे, आपल्यासारख्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७.९२. कारण पुढे येईल.

मग खरा वेग शोधायचा कसा? यात एक सुंदर भौतिकशास्त्र लपलं आहे आणि त्याला साक्षीदार गायकाचा गळाच आहे. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी म्हणजे एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी नळी. शाळेत पाण्याच्या नळीवर कंपकाटा धरून अनुनादाचा प्रयोग करतात, तोच हा. पुरुषाची ही नळी सुमारे १७ सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून त्याला नळीच्या लांबीच्या चौपटीने भागलं, की पहिला अनुनाद येतो ५०० हर्ट्झ. पुढचे त्याच्या तिप्पट आणि पाचपट, म्हणजे १५०० आणि २५००. जीभ-ओठ हलले की हे आकडे सरकतात, आणि त्या सरकण्यालाच आपण 'आ', 'ई', 'ऊ' म्हणतो.

गायक स्वतः दोन पट्ट्या वर चढतो, तेव्हा तंतूंची कंपनं वाढतात. नळी जवळपास तेवढीच राहते. तबकडी जलद फिरवली, तर मात्र तंतूंची कंपनं आणि नळीचे अनुनाद दोन्ही एकदम वर जातात. ७८ ची तबकडी साडेसत्त्याऐंशीने फिरवा. सूर दोन पट्ट्या चढेल आणि ५०० चा अनुनाद ५६१ वर जाईल. कानाला वाटेल, नळी १५ सेंटिमीटरची आहे. ही साधारण बाईच्या गळ्याची लांबी. म्हणून जलद लावलेल्या रेकॉर्डवरचा भारदस्त बुवा चिरका लागतो आणि त्याचा 'आ' पोरगेला वाटतो. त्याने तोच सूर खरोखर लावला असता, तर आवाज उंच झाला असता, पण पोरगेला झाला नसता.

अर्थात गळा म्हणजे पितळी नळी नव्हे. वरच्या सुराला काही जण तोंड जास्त उघडतात, कंठ वर उचलतात, आणि अनुनाद थोडे सरकतात. शिवाय कर्ण्यात ओरडून घेतलेल्या जुन्या रेकॉर्डवर वरच्या कंपनसंख्या नीट उतरतच नाहीत, तेव्हा तिसरा अनुनाद शोधायला जाऊ नये. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांच्या शेवटी गायक आपलं नाव बोलून सांगतात. मेणाचे साचे जर्मनीत हॅनोव्हरला छापायला जायचे, तिथल्या कारागिरांना गाणारं कोण हे कळावं म्हणून ही सोय होती. वेग तपासायला हे बोलणं फार उपयोगी पडतं. माणसाचा बोलण्याचा आवाज पेटीच्या पट्टीवर बसवलेला नसतो, आणि तो किंचित जरी जलद लागला तरी कान लगेच पकडतो.

सगळंच वेगावर ढकलून मात्र चालणार नाही. गंगूबाई हनगल यांच्या १९३० च्या दशकातल्या, 'गांधारी हुबळी' नावाने निघालेल्या तबकड्यांवरचा आवाज बारीक आहे आणि नंतरचा भारदस्त. तिथे फेऱ्या कमी करत बसू नये. पुढे घशाच्या उपचारानंतर त्यांचा आवाजच बदलला. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे. लहानपणी ते मोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गाऊन दाखवत. त्या ग्रामोफोनची चावी किती भरलेली असायची, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही!

आता घरच्या यंत्राकडे वळू. चावीच्या ग्रामोफोनमध्ये वेग सांभाळतो तो गव्हर्नर. पात्यांच्या स्प्रिंगांवर छोटी वजनं फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि एक चकती चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घासून वेग आवरतात. हा तुकडा कोरडा पडला की फिरणं अडखळतं, जुनं ग्रीस घट्ट झालं की वेग चढतच नाही. मुख्य स्प्रिंग थकलेली असेल तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात सूर खाली येतो. म्हणून प्रत्येक बाजूला चावी पूर्ण भरायची आणि पोलादी सुईही बदलायची.

वेग मोजायची साधी रीत अशी. तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा, सुई खाली ठेवा (भार नसताना मोजलेला वेग खोटा असतो) आणि दोन मिनिटांच्या फेऱ्या मोजा. १५६ भरायला हव्यात. एक फेरी चुकली, तरी चूक पट्टीच्या नवव्या हिश्शाएवढीच.

याहून नेमकी रीत विजेची. ५० हर्ट्झच्या विजेवर निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा लुकलुकतो. कागदाच्या चकतीवर सारख्या अंतराने ७७ काळ्या रेघा ओढा आणि ती तबकडीवर ठेवा. दोन लुकलुकांच्या मधल्या वेळात चकती बरोबर एक रेघ पुढे गेली, तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. ६००० भागिले ७७ म्हणजे ७७.९२. रेघा अर्ध्या काढता येत नाहीत, म्हणून हा विचित्र आकडा. रेघा फिरण्याच्या दिशेने सरकत असतील तर वेग जास्त आहे. मिनिटाला ७७ रेघा पुढे गेल्या तर एक फेरी जास्त. दिवा मात्र निऑनचाच हवा, उदाहरणार्थ जुन्या स्विचबोर्डावरचा लाल इंडिकेटर. बऱ्याच एलईडी दिव्यांत ही लुकलुक नसते, आणि मोबाइलच्या टॉर्चचा विजेच्या ५० हर्ट्झशी काही संबंधच नाही.

भोक मध्यावर नसणं हा वेगळाच ताप. ते अर्धा मिलिमीटर जरी सरकलं असेल, तरी आतल्या बाजूला, मध्यापासून सहा सेंटिमीटरवर, सूर दर फेरीला ०.८ टक्क्यांनी वर आणि तितकाच खाली जातो. सेकंदाला १.३ वेळा! तंबोरा पाण्यावर तरंगल्यासारखा वाटतो. याला बुवांचं आंदोलन (सुराला मुद्दाम दिलेला झोका) समजून दाद देणारेही आहेत.

हल्लीच्या टर्नटेबलांवर बहुधा ३३ आणि ४५ हेच वेग असतात. काही जण ७८ ची तबकडी ४५ ला वाजवून संगणकावर ७३.३३ टक्क्यांनी वाढवतात. सूर बरोबर येतो, रंग बिघडतो. एलपीसाठी (३३ फेऱ्यांच्या तबकडीसाठी) बनवलेला प्रीॲम्प, म्हणजे सुईकडून आलेला क्षीण आवाज वाढवणारं यंत्र, प्रत्येक कंपनसंख्येला ठरावीक प्रमाणात दाबतो किंवा उचलतो, आणि इथे सगळ्या कंपनसंख्या त्याच्यापुढे चुकीच्या जागी येतात. सुईही निराळी लागते. ७८ च्या रुंद खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनचं टोक हवं. एलपीचं २५ मायक्रॉनचं टोक खाचेच्या तळाशी धूळ खरवडत बसतं. संगणकावर दुरुस्ती करताना 'पिच' बदलू नका, 'स्पीड' बदला. मूळ वेग ७४ असेल आणि वाजवली ७८ ला, तर ७४ भागिले ७८, म्हणजे उणे ५.१३ टक्के.

याच गायनाच्या पुढे एलपी निघाल्या, कॅसेटी निघाल्या, सीडी निघाल्या. पहिल्या उतरवणीत सरसकट ७८ धरलं असेल तर ती चूक वारशाने पुढे चालते, आणि प्रत्येक टप्पा आपली भर घालतो. कॅसेट प्लेअर तीन टक्के चुकला तरी अर्धी पट्टी गेली. सेल उतरल्यावर कॅसेट कशी रेंगाळते, हे नव्वदच्या दशकात खेड्यापाड्यांत सगळ्यांनी ऐकलं आहे.

आणि ते '४३२ हर्ट्झ'चं खूळ. जुनं संगीत ४३२ ला लावलेलं होतं, त्याने मन शांत होतं, व्याधी जातात, असे व्हिडिओ रोज फिरतात. वाद्यं लावताना आज प्रमाण धरतात त्या ४४० वरून ४३२ म्हणजे १.८ टक्के खाली. ७८ ची तबकडी ७६.६ ने फिरली, की कुठलंही गाणं 'औषधी' झालं. थकलेली स्प्रिंग हे काम फुकटात करते. आपल्याकडे तर षड्ज (सा) ज्याच्या त्याच्या गळ्याला सोसेल तिथे लागतो.

कुणाच्या ट्रंकेत तबकड्या असतील, तर उतरवताना लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (मूळ साच्याचा क्रमांक) टिपून ठेवा. लागोपाठचे क्रमांक बहुधा एकाच बैठकीतले, एकाच यंत्रावरचे आणि म्हणून एकाच वेगाचे असतात. त्या गायकाच्या तीन-चार तबकड्या सारख्याच हिश्शाने पेटीपासून ढळत असतील, तर बुवांचा गळा आणि घरची पेटी दोन्ही निर्दोष. फाइलच्या नावात तो क्रमांक लिहा, आणि शेजारी ती किती फेऱ्यांनी वाजवली तेही.