तंबाखू निपाणीची, नोंद मुंबईची

बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेच्या कॅन्सर हॉस्पिटलचं उद्घाटन जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं. मिरज, कोल्हापूर नाहीतर थेट मुंबईच्या टाटाला धावणाऱ्या सीमाभागातल्या पेशंटांची सोय झाली, हे चांगलंच. पण ‘आपल्याकडं कॅन्सर खरंच वाढलाय का, आणि कशानं?’ या प्रश्नाचं उत्तर हॉस्पिटलच्या रजिस्टरात नसतं. तिथं आलेल्यांची नोंद असते. न आलेल्यांची आणि आजारी न पडलेल्यांची नसते. कारण शोधायचं तर धडधाकट माणसांची यादी करून वीस-तीस वर्षं त्यांच्या मागावर राहावं लागतं. त्या कामाला पैसा कोणी दिला, हा इतिहास मजेशीर आहे.

इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली डॉक्टरांनाच पत्रं पाठवून सिगारेटची सवय विचारली. ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा माग २००१पर्यंत काढला, आणि पन्नास वर्षांचा निष्कर्ष २००४ साली छापला: आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षं आधी जातो. पत्रांचा खर्च किरकोळ होता. डॉक्टरांची नोंदणी आधीपासून होती, मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेलं होतं आणि मेडिकल रिसर्च कौन्सिलनं हात आखडता घेतला नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र असणं आपल्याकडं दुर्मीळच.

आपल्याकडं सुरुवात झाली ती अमेरिकन गव्हाच्या पैशावर. पीएल-४८० या अमेरिकन कायद्याखाली आलेला रेशनवरचा गहू आणि लाल मिलो ज्वारी जुन्या लोकांना आठवत असेल. त्या धान्याचे रुपये अमेरिकेच्या खात्यात भारतातच साठत गेले. १९७४ साली अमेरिकेनं त्यातले १,६६४ कोटी एका चेकनं भारताला परत केले, इतका तो ढीग होता. त्यातलाच थोडा भाग संशोधनाकडं वळला. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या डॉ. फली मेहतांनी डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्यासोबत केरळ, आंध्र, गुजरात आणि बिहारमधल्या पाच जिल्ह्यांत घरोघर फिरून ५०,९१५ गावकऱ्यांची तोंडं तपासली. तो अहवाल १९६९ साली आला. पुढं पुणे जिल्ह्यात एक लाखावर लोक तपासले. मिसरी लावणाऱ्या बायका, चुना-तंबाखू मळणारे, विडी ओढणारे, सगळे कागदावर आले. सीमाभाग मात्र त्यात नव्हता; तंबाखूचं एवढं मोठं पेठगाव असूनही निपाणी नव्हती.

कॅन्सरची नोंद ठेवणारी देशातली पहिली लोकसंख्या नोंदवही, म्हणजे ठरावीक भागात राहणाऱ्या प्रत्येक कॅन्सर पेशंटची यादी, १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीनं सुरू केली. डॉ. जस्सावाला त्यामागं होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२पासून चालू झाला, तेव्हा लोकसंख्या नोंदवह्या बंगळूर, मुंबई आणि मद्रास या तीन महानगरांत होत्या. बंगळूर आणि मुंबई यांच्यामधला सगळा ग्रामीण पट्टा कोरा. पुढं नोंदवह्या वाढत अठ्ठावीस झाल्या, तरी त्यात देशाची जेमतेम दहा टक्के लोकसंख्या बसत होती.

अपवाद बार्शीचा. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या साथीनं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण नोंदवही उघडली. तिचे कर्मचारी पेशंटची वाट बघत बसले नाहीत, गावागावांत जाऊन विचारत राहिले. या पायावरच शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी झाली. हा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीनं मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगानं वाचलं. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. तुलनेच्या गटाला तपासणी न देण्यावर पुढं बरीच टीका झाली, ती मला रास्त वाटते. पण पैसा येण्याआधी बारा वर्षं नोंदवही चालू नसती, तर त्या पैशाचं काहीच झालं नसतं.

बेळगावलाही बाहेरचा पैसा आला, पण बाळंतपणांसाठी. इथलं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधन-जाळ्यात आलं. आपल्याच खेड्यांतल्या १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीची चाचणी झाली, ती २००६ साली जगभर गाजली. माता आणि नवजात बाळांची नोंदवहीही इथं सुरू झाली. म्हणजे घरोघर जाऊन मोजायची सवय या जिल्ह्याला आहे. फक्त बाळंतपणाचा निकाल नऊ महिन्यांत लागतो आणि पाच वर्षांच्या अनुदानात बसतो. कॅन्सरचं तसं नाही.

सीमेमुळं घोळ आणखी वाढतो. लोकसंख्या नोंदवहीत माणूस उपचाराच्या गावाचा धरत नाहीत, किमान एक वर्ष जिथं राहिला तिथला धरतात. निपाणीचा पेशंट कोल्हापूरला जातो, खानापूरचा गोव्याला. एकाच बाईचं नाव आधारवर कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं, मिरजेच्या केसपेपरवर मराठीत, आणि पत्ता कधी तालुका चिकोडी तर कधी नवा तालुका निपाणी. जुळवणारा जाणकार नसेल तर एकीच्या दोघी होतात, नाहीतर एकही उरत नाही. महाराष्ट्रानं २०२३ साली ८६५ सीमागावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावर दोन्हीकडं राजकारण तापलं. बिल कोण भरणार यावर भांडण झालं. नोंद कोण ठेवणार, हे कोणी विचारलंही नाही. शिवाय लाखामागं किती हे काढायला भागायचं कशानं? जिल्ह्याची अधिकृत लोकसंख्या अजून २०११चीच, ४७ लाख ७९ हजार.

आणि तंबाखू. निपाणीतल्या १९८१च्या आंदोलनात शरद जोशींच्या मागं शेतकरी महामार्गावर बसले, ६ एप्रिलला गोळीबारात माणसं मेली. मुद्दा भावाचा होता, आणि तो खराच होता. वखारीत तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळणाऱ्या, धुरळ्यात दिवस काढणाऱ्या बायकांच्या फुफ्फुसाचं पुढं काय झालं, याची आकडेवारी कोणाकडं मागायची? विडीवर १९७६च्या कायद्यानं उपकर होता, त्यातून कामगारांचे दवाखाने आणि शिष्यवृत्त्या चालत. जीएसटी आल्यावर २०१७ साली तो उपकर गेला. मुंबईत मतदार याद्या धरून १,४८,१७३ लोकांचा माग काढला, तेव्हा विडी ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण तंबाखू न घेणाऱ्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त निघालं, सिगारेटवाल्यांत ३७. हे ओढणाऱ्यांचं झालं. विड्या वळणाऱ्या आणि तंबाखू चाळणाऱ्या बायकांचं तसं मोजमाप निपाणीत व्हायला हवं.

ते अशक्य नाही. डॉलकडं डॉक्टरांची यादी होती, मुंबईकडं मतदारांची. निपाणीकडं विडी कामगारांची ओळखपत्रं आहेत, पीएफचे खाते क्रमांक आहेत, आणि कामगार गेल्यावर घरच्यांना पीएफचा दावा करताना मृत्यूची तारीख लिहावीच लागते. मृत्यूचं कारण तेवढं कुणी घरी जाऊन विचारायला हवं. त्यासाठी लागतात दोन्ही भाषा येणाऱ्या चार-सहा फिरत्या कार्यकर्त्या, आणि त्यांचा वीस वर्षांचा पगार. तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर करून हे काम होत नाही.