सोर्स करणे आणि चालवणे: बॅशची लायब्ररी स्क्रिप्टपेक्षा वेगळी कशी

बॅश हा टाइप केलेल्या कमांड पार पाडणारा प्रोग्राम, म्हणजे एक शेल. त्यातली एक स्क्रिप्ट आणि एक लायब्ररी शेजारी शेजारी उघडली, तर त्यांतली कोणती कोणती हे नुसते वाचून पुष्कळदा ओळखता येत नाही, कारण दोन्हींची भाषा एकच असते आणि फंक्शने दोन्हींत असतात. फरक पडतो तो फाइल शेलपर्यंत कशी पोहोचते यामुळे. स्क्रिप्ट चालवायची असते आणि लायब्ररी सोर्स करायची असते. हा भेद वापरणाऱ्याला ठाऊक नसला तर थोडा वेळ वाया जातो. लायब्ररीत भर घालणाऱ्याला ठाऊक नसला तर त्याचा भुर्दंड इतरांना पडतो.

समजा, एका फाइलीत दोनच ओळी आहेत: पहिली 'सीडी' वापरून टेम्प डिरेक्टरीत जाते आणि दुसरी 'गाव' नावाच्या व्हेरिएबलमध्ये 'सातारा' हा शब्द ठेवते. ही फाइल चालवली, तर तिच्यासाठी नवी प्रोसेस सुरू होते, दोन्ही ओळी तिथे पार पडतात, आणि ती प्रोसेस संपली की सगळे तिच्याबरोबर जाते. आपला प्रॉम्प्ट होता तिथेच असतो आणि 'गाव' छापायला सांगितले तर रिकामी ओळ येते. तीच फाइल सोर्स केली, तर आपलाच शेल त्या ओळी आपण हाताने टाइप केल्यासारख्या वाचतो, प्रॉम्प्ट टेम्पमध्ये जातो आणि 'सातारा' छापले जाते. सोर्स करताना फाइल चालवण्याची परवानगी लागत नाही, वाचण्याची पुरते. फाइल कोणत्या प्रोग्रामने चालवायची हे सांगणारी पहिली शबँगची ओळसुद्धा तेव्हा निव्वळ टिप्पणी ठरते. गूगलच्या शेल-शैलीच्या मार्गदर्शिकेत लायब्ररीच्या फाइलींना चालवण्याची परवानगी नसावी असे सांगितले आहे, ते याच्याशी सुसंगतच आहे.

सोर्स करण्याची जुनी खूण म्हणजे नुसते टिंब. ते बोर्न शेलमधून आले आणि युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स प्रमाणातही तेच आहे. 'सोर्स' हा शब्द सी शेलचा. बॅशला दोन्ही चालतात, पण २००६पासून उबुंटूत 'एसएच' म्हणून जो डॅश शेल मिळतो, त्याला फक्त टिंब कळते. शिवाय नावात तिरकी रेघ नसेल तर बॅश ती फाइल आधी 'पाथ'मध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे शोधायचे त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत, शोधतो. आपल्या लायब्ररीला 'टेस्ट' असे नाव देऊन 'सोर्स टेस्ट' लिहिले, तर शेलला 'यूएसआर-बिन'मधला 'टेस्ट' हा प्रोग्राम सापडतो आणि बायनरी फाइल चालवता येत नाही अशी तक्रार येते. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ लावली की प्रश्न मिटतो.

भर घालणाऱ्यांचे पाय अडखळतात ते मात्र 'एक्झिट'पाशी. स्क्रिप्टमध्ये चूक आढळली की 'एक्झिट' लिहून बाहेर पडणे योग्यच असते, आणि त्याच सवयीने मीही एका लायब्ररीसाठी लिहिलेल्या तपासणीच्या फंक्शनात 'एक्झिट १' लिहिले होते. स्क्रिप्टमधून सगळे सुरळीत चालले. मग टर्मिनलमध्ये फाइल सोर्स करून त्या फंक्शनाला चुकीच्या इनपुटवर हाक मारून पाहिली आणि खिडकीच बंद झाली, कारण तिथे 'एक्झिट' आपलाच शेल संपवते. अशा फंक्शनाला कोणाच्या 'बॅशआरसी'मधून, म्हणजे नवे टर्मिनल उघडताना बॅश आपोआप वाचतो त्या फाइलीतून, हाक मारली जात असेल, तर त्या माणसाचे प्रत्येक नवे टर्मिनल उघडताक्षणी मिटू शकते. लायब्ररीने 'रिटर्न' करावे, म्हणजे नुसते फंक्शनातून परतावे, आणि थांबायचे की नाही हे हाक मारणाऱ्यावर सोडावे. कमांड अपयशी ठरली की शेल बंद करणारा 'सेट'चा 'ई' हा पर्यायही असाच आहे: लायब्ररीने तो परस्पर चालू केला आणि नंतर वापरणाऱ्याच्या 'ग्रेप' या मजकूर शोधणाऱ्या कमांडला काही सापडले नाही, तर तेवढ्यावरूनही शेल बंद होतो.

व्हेरिएबलांचा त्रास याहून छुपा, आणि माझ्या मते अधिक वाईट, कारण तिथे काहीच बंद पडत नाही. व्हेरिएबल फंक्शनापुरते ठेवणारा 'लोकल' हा शब्द न लिहिता फंक्शनात 'आय' वापरला की तो हाक मारणाऱ्याचाच 'आय' असतो. त्याचे 'आय' एकेकाने वाढवत एक ते दहा मोजणारे लूप दर फेरीला आपल्या फंक्शनाला हाक मारत असेल आणि आपण जाताना 'आय' तीनवर ठेवून जात असू, तर ते लूप कधीच संपणार नाही. फंक्शनांची नावेही सगळ्यांच्या एकाच पसाऱ्यात येतात, म्हणून 'ट्रिम' असे उघडे नाव न देता आधी लायब्ररीचे नाव आणि दोन कोलन (::) लावण्याचा प्रघात आहे.

तीच लायब्ररी दोन वेगळ्या फाइलींनी सोर्स केली, तर तिच्यातले 'रीडओन्ली', म्हणजे पुन्हा बदलता न येणारे, व्हेरिएबल दुसऱ्या वेळी अडते. त्यासाठी फाइलीच्या माथ्यावर एक पहारा ठेवतात: आपली खूण आधीच असेल तर तिथूनच 'रिटर्न'. कोणत्याही फंक्शनाबाहेर लिहिलेले हे 'रिटर्न' सोर्स केलेल्या फाइलीत चालते. तीच ओळ फाइल चालवताना आली, तर बॅश सांगतो की 'रिटर्न' फक्त फंक्शनातून किंवा सोर्स केलेल्या स्क्रिप्टमधूनच करता येते.