गोड लोणी

गोड लोणी : घरी काढलेल्या बिनमिठाच्या लोण्यात गूळ, साखर, काकवी, मध किंवा फळाचा गर फेटून आणि वेलदोडा, जायफळ, केशर यांपैकी एखाद्याचा स्वाद देऊन केलेला पदार्थ. मराठवाड्यात तो ज्वारीची भाकरी, पोळी किंवा दशमीबरोबर खातात. ताक झाल्यावर निघालेला लोण्याचा गोळा भाकरीवर ठेवून त्यावर गूळ कुस्करायचा, हे त्याचे जुने आणि सर्वांत सोपे रूप. जन्माष्टमीच्या नैवेद्यातील लोणीसाखर हे दुसरे. वेलदोड्याचे, केशर आंब्याचे किंवा सीताफळाचे लोणी हे शहरी स्वयंपाकघरातले अलीकडचे प्रकार असले, तरी त्यांची कृती या दोन जुन्या प्रकारांवरच उभी आहे.

लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. हे पाणी अतिशय बारीक थेंबांच्या रूपात चरबीत अडकलेले असते. साखर आणि गूळ पाण्यात विरघळतात, चरबीत विरघळत नाहीत. वेलदोडा, जायफळ आणि लिंबूवर्गीय सालीतील सुगंधी तेले मात्र चरबीत उतरतात. गोड लोणी फुटते, पाणी सोडते, दाताखाली कचकचते किंवा वास धरत नाही, त्यामागची बहुतेक कारणे या एका फरकात सापडतात. म्हणून लोण्यात पाणी किती उरले आणि गोडीबरोबर नवे किती आले, यावर लक्ष ठेवणाऱ्याला मोजमाप थोडे चुकले तरी चालते.

दूध : मराठवाड्यात लोण्यासाठी म्हशीचे दूध जास्त वापरले जाते. त्यात साधारण ६ ते ८ टक्के स्निग्धांश असतो आणि लोणी पांढरेशुभ्र निघते. लातूर भागातील देवणी आणि नांदेडच्या कंधार परिसरातील लाल कंधारी या इथल्या नावाजलेल्या गाई. गाईच्या दुधात कॅरोटीन हे पिवळे रंगद्रव्य असल्याने लोण्याला पिवळसर झाक येते. लोणी थोडे निघते, पण मऊ असते आणि गुळाशी चटकन मिळून येते. गूळ घालायचा असेल तर गाईचे, फळ घालायचे असेल तर म्हशीचे लोणी घ्यावे. घट्ट लोणी फळाचे पाणी जास्त सांभाळून घेते.

लोणी काढणे : रोजची साय फ्रीजमध्ये आठवडाभर साठवून तिला विरजण लावतात, खेड्यांत याला इरजण म्हणतात. विरजल्याने सायीला हलका आंबटपणा आणि लोण्याचा खास वास येतो. गुळाची गोडी या आंबटपणामुळेच गोडमिट्ट होत नाही. पूर्वी डेऱ्यात रवी उभी करून, ती खांबाला अडकवून, दोराने घुसळत. आज छोटी रवी किंवा मिक्सर वापरतात. घुसळल्याने स्निग्धकणांभोवतीचे पातळ आवरण फाटते आणि कण एकमेकांना चिकटून लोणी ताकापासून वेगळे होते.

इथे हवामान फार महत्त्वाचे ठरते. साय १२ ते १४ अंश सेल्सिअसला असताना लोणी चांगले जमते. दुधातील चरबी ३५ अंशांच्या पुढे जवळजवळ पूर्ण वितळते आणि मराठवाड्यातील उन्हाळा ४० अंश सहज ओलांडतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत भल्या सकाळी, बर्फाचे पाणी घालून घुसळावे लागते. दुपारी केलेले लोणी तेलकट होऊन ताकातच पसरते. थंडीत उलटे होते. परभणीत काही हिवाळ्यांत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा लोणी निघायला उशीर लागतो आणि कोमट पाण्याचा हबका मारावा लागतो. मिक्सर सलग फिरवला तर त्याच्या उष्णतेने लोण्याचा लगदा होतो, त्यामुळे तो थांबत थांबत फिरवतात. कण ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की थांबायचे. त्याहून पुढे घुसळल्यास मोठा गोळा होतो आणि त्याच्या पोटात ताक अडकून राहते.

यानंतर लोणी धुणे. गोड लोण्याच्या कृतीत सर्वांत जास्त दुर्लक्ष याच पायरीकडे होते आणि चव नेमकी इथेच बिघडते. राहिलेल्या ताकात प्रथिने आणि दुग्धशर्करा असते. ती आत राहिली की लोणी दोन दिवसांत उग्र वास मारते. थंडगार पाणी घालून, हलवून, ओतून टाकायचे आणि पाणी नितळ दिसेपर्यंत हे करत राहायचे. बोअरचे पाणी जड किंवा मचूळ असेल, तर शेवटचे पाणी पिण्याचेच घ्यावे, कारण त्याची चव लोण्यात राहते. मग लोणी परातीत घेऊन हाताने किंवा लाकडी उलथन्याने दाबून पाणी निथळून काढावे.

निघालेले ताक वाया जात नाही. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, शेतात नेण्याची आंबील ज्वारीचे पीठ आणि ताक यांचीच असते. तिच्यासाठी ताक भरपूर लागते, त्यामुळे त्या दिवसांत घरात लोणीही भरपूर निघते.

गोडी आणि स्वाद : १०० ग्रॅम लोण्याला २५ ते ३० ग्रॅम गोडी पुरते. दाणेदार साखर विरघळायला लोण्यात पुरेसे पाणी नसते, म्हणून पिठीसाखर घ्यावी. नैवेद्याच्या लोण्यातील खडीसाखर मात्र कुडकुडीत लागण्यासाठीच असते. गूळ मऊ, चिक्कीचा नसलेला, किसून आणि गाळणीवर चोळून घ्यावा. काकवी आणि मध पातळ असल्याने चमचा-चमचा घालून प्रत्येक वेळी फेटावे. एकदम ओतल्यास पाणी बाजूला होते. मध घातलेले लोणी एक वर्षाखालील बाळाला देऊ नये, कारण मधातील बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू त्या वयात धोकादायक ठरतात.

गूळ-वेलदोडा हा मेळ सर्वांत उत्तम. त्याच्या जवळपास येतो तो संक्रांतीच्या दिवसांतला गूळ आणि भाजलेल्या तिळाच्या कुटाचा. तीळ पूर्ण गार झाल्यावरच कुटावेत, नाहीतर त्यांच्या उष्णतेने लोणी सुटते. वेलदोड्याची पूड मिसळल्यावर लोणी लगेच वाढू नये. दोन-तीन तास थंड जागी ठेवले की सुगंधी तेल चरबीत मुरते आणि तेवढ्याच पुडीचा वास कितीतरी खुलतो. केशर मात्र चमचाभर कोमट दुधात खलून घालावे लागते, कारण त्याचा रंग पाण्याच्या अंशात उतरतो.

फळांच्या बाबतीत मराठवाडा श्रीमंत आहे. मराठवाड्याचा केशर आंबा, बीडचे सीताफळ आणि जालन्याची मोसंबी या तिघांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिघांची वागणूक लोण्यात अगदी वेगळी आहे. आंब्याच्या रसात पाणी फार, म्हणून तो मंद आचेवर आटवून, पूर्ण गार करून घालतात. सीताफळाचा गर असा आटवता येत नाही. तापवला की तो कडवट होतो. बिया काढून कच्चाच घालावा, आणि तो काळवंडत असल्याने त्याच दिवशी संपवावा. सीताफळासाठी न विरजलेल्या सायीचे लोणी बरे, आंबटपणा त्याची नाजूक चव झाकतो. मोसंबीचा रस थोड्या वेळाने कडू होतो, म्हणून रस वापरायचाच नाही. सालीचा वरचा रंगीत पापुद्रा तेवढा किसून पिठीसाखरेत चोळायचा आणि मग लोण्यात फेटायचा. सालीखालचा पांढरा भाग किसात आला तर सगळे लोणी कडू होते.

साठवण : साखर किंवा गुळाचे हे प्रमाण टिकवण्यासाठी पुरेसे नसते. गूळ, साखर घातलेले लोणी फ्रीजमध्ये आठवडाभर, आटवलेल्या आंब्याचे दोन-तीन दिवस राहते. लोणी आजूबाजूचा वास फार लवकर ओढून घेते. कांदा-लसणाच्या ठेच्याशेजारी ठेवलेले वेलदोड्याचे लोणी सकाळी ओळखू येत नाही. घट्ट झाकणाचा काचेचा किंवा स्टीलचा डबा वापरावा. खाण्यापूर्वी हिवाळ्यात अर्धा तास बाहेर काढावे, उन्हाळ्यात पाच मिनिटे पुरतात.

बाजारचे पिवळे खारे बटर यासाठी चालत नाही, कारण त्यातील मीठ नाजूक फळांची चव मारते. बिनमिठाचे चालते, पण त्याला सायीच्या विरजणाचा वास नसतो. उरलेल्या गोड लोण्याचे तूप कढवू नये; गोडी तळाशी बसून करपते आणि तुपाला जळका वास लागतो. ते घारग्यांच्या पिठात मोहन म्हणून घालावे, किंवा शिऱ्याला वापरून साखर तेवढी कमी करावी.