बी फुगते, पण रुजत का नाही?

मे महिना संपत आला की शहरांतल्या रोपवाटिकांमध्ये आणि खतांच्या दुकानांत गर्दी वाढते. पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीत किंवा गॅलरीत मिरची, टोमॅटो, वांगी लावायची असतात, आणि दुकानदार बियांच्या पाकिटासोबत हमखास एक सल्ला देतो: बी ताकदीच्या खतात टाका, रोप पहिल्यापासून जोमदार येईल. हा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला तरी चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हे एकदा समजले की दुकानात मांडलेल्या दहा पिशव्यांमधून बियांसाठी योग्य पिशवी निवडणे फारसे अवघड राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी मीही हा सल्ला ऐकून विकतच्या गांडूळखतात, त्यात दुसरे काहीही न मिसळता, मिरचीच्या चाळीस बिया टाकल्या होत्या. पंधरा दिवसांत पाच रोपे वर आली. उरलेल्या बिया उकरून पाहिल्या, तेव्हा बहुतेक बिया चांगल्या टच्च फुगलेल्या होत्या, पण एकीलाही मोड नव्हता. काही बिया बोटांत दाबताच आतला पांढरा गर पाणी होऊन बाहेर आला. त्याच पाकिटातल्या काही बिया मी ओल्या कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या आणि त्या मात्र आठव्या दिवसापासून मोडावू लागल्या होत्या. म्हणजे दोष बियाण्यात नव्हता. बी फुगले, त्याला पाणी मिळाले, तरी ते रुजले नाही, याचे उत्तर बीजाच्या आत पाणी कसे शिरते यात आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी की बी हे भुकेले नसते. शाळेत आपण भिजवलेला हरभरा किंवा वाल सोलून आतली दोन जाड बीजपत्रे, म्हणजे रोपासाठीचा अन्नसाठा, पाहिलेली असतात. मिरची-टोमॅटोच्या बीमध्ये हा साठा मुख्यतः भ्रूणपोषात, म्हणजे अंकुराभोवतीच्या गरात असतो. पहिली खरी पाने येईपर्यंत लागणारे अन्न झाडाने पिल्लाच्या शिदोरीसारखे बांधून दिलेले असते. तोवर बीला बाहेरून तीनच गोष्टी हव्या असतात: पाणी, हवा आणि ऊब. खतातले नत्र, स्फुरद, पालाश या टप्प्यावर निरुपयोगी असतात, आणि प्रमाणाबाहेर असतील तर ते घातकही ठरतात, कारण ही सारी पोषकद्रव्ये पाण्यात क्षारांच्या रूपानेच विरघळलेली असतात.

आता पाण्याच्या प्रवासाकडे वळू. कोरड्या बीमध्ये वजनाच्या सुमारे आठ ते दहा टक्केच पाणी असते, आणि त्यातली प्रथिने व पिष्टमय पदार्थ पाण्याला इतक्या जोराने ओढतात की ती ओढ शेकडो वातावरणांच्या (हवेच्या नेहमीच्या दाबाला एक वातावरण म्हणतात) दाबाइतकी भरते. म्हणून रुजवणीचा पहिला टप्पा, म्हणजे नुसते फुगणे, हा निव्वळ भौतिक व्यवहार असतो. मेलेले बीसुद्धा पाण्यात फुगते, आणि बऱ्यापैकी खारट पाण्यातही फुगते. यानंतर एक संथ काळ येतो. बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, पण आत विकरे जागी होतात, पेशींची दुरुस्ती होते आणि साठवलेले अन्न फोडले जाऊ लागते. तिसऱ्या टप्प्यात मूलांकुराच्या पेशी लांबतात आणि बीचे टरफल फाडून मूळ बाहेर येते. खरी अडचण याच टप्प्यावर उभी राहते. सुरुवातीची ती प्रचंड कोरडी ओढ आता संपलेली असते. पेशीला लांबायचे असेल तर तिच्या आत पाण्याचा दाब निर्माण व्हावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे पाणी केवळ परासरणाने, म्हणजे पेशीतले द्रावण बाहेरच्या द्रावणापेक्षा गाढ असल्यामुळे आत येते. बाहेरचे पाणीच क्षारांनी गाढ झाले, तर हा फरक कमी होतो. पाणी सभोवती असूनही ते आत येण्याचा वेग मंदावतो, आणि मूलांकुर टरफलाच्या आत ताटकळत राहतो.

हा विरोध किती मोठा असतो, ते मोजता येते. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजण्याचे सोपे माप म्हणजे त्याची विद्युत वाहकता, जिला शेतकरी ‘ईसी’ म्हणतात. तिचे एकक डेसीसायमन प्रति मीटर असे आहे. ईसीच्या आकड्याला ०.३६ ने गुणले की त्या पाण्याचा परासरण दाब अंदाजे वातावरणांमध्ये मिळतो. ईसी ४ असेल तर हा दाब जवळपास १.४ वातावरण होतो, म्हणजे १४-१५ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. पाच मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला जितका जोर येतो, साधारण तितक्या जोराने ते क्षार बीमध्ये शिरू पाहणाऱ्या पाण्याला बाहेर धरून ठेवत असतात.

‘४’ हा आकडा मी मुद्दाम घेतला आहे. आपल्याकडे सेंद्रिय खतांची प्रत खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये ठरते, आणि त्यात शहरी कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टासाठी ईसीची कमाल मर्यादा ४ आहे. शिवाय हे मोजमाप एक भाग खत आणि पाच भाग पाणी अशा पातळ द्रावणात केले जाते. रोपांच्या ट्रेमध्ये एवढे पाणी कधीच नसते. तिथे तेच क्षार कमी पाण्यात असतात, त्यामुळे द्रावण प्रयोगशाळेतल्यापेक्षा कित्येक पट गाढ होते. म्हणजे कायद्याच्या सर्व कसोट्यांवर उतरलेले, शेतात पसरायला उत्तम असे खत बी टाकायला सर्वस्वी अयोग्य असू शकते. यात उत्पादकाची फसवणूक नाही. ते जमिनीत मिसळायचे खत आहे, आपण त्याचा बिछाना करतो ही चूक आपली आहे.

त्यातच आणखी एक गोष्ट घडते, आणि मला स्वतःला ती या साऱ्या विषयातली सर्वांत लक्षणीय वाटते. ट्रेच्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते, पण क्षारांची होत नाही. खालचे पाणी केशाकर्षणाने वर चढत राहते आणि आपल्याबरोबर आणलेले क्षार वरच्या अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या थरात सोडून जाते. आपण बी नेमके त्याच थरात टाकतो. दुपारच्या उन्हात त्या थरातले पाणी निम्मे झाले की क्षारांचे प्रमाण दुप्पट होते. जुन्या कुंडीच्या काठावर जी पांढरी पुटे दिसतात, ती याच प्रवासाची खूण आहे. फुगून ताटकळलेल्या बीवर मग पिथियमसारख्या, रोपे कुजवणाऱ्या बुरशीसदृश जिवाला हल्ला करायला भरपूर वेळ मिळतो, आणि जी रोपे कशीबशी वर येतात त्यांची कोवळी टोके करपतात. घरोघरी अजूनही अशी करपलेली रोपे दाखवून सांगितले जाते की पाळीच्या दिवसांत बाईने शिवल्यामुळे ती जळाली, किंवा अमुक एकाच्या हाताला गुणच नाही. रोपांना कोणाचा हात लागला हे कळत नाही. त्यांच्या मुळांशी किती क्षार आहेत, हे मात्र त्यांना फार लवकर कळते. या समजुतीमुळे घरातल्या मुलींना कुंड्यांपासून दूर ठेवले जाते, म्हणून ती निरुपद्रवी मानून सोडून देऊ नये.

बियांसाठी वेगळे मिश्रण हवे, हा विचार नवा नाही. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या मर्टन इथल्या जॉन इनेस संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी १९३० च्या दशकात कुंड्यांसाठी प्रमाणित मिश्रणे ठरवली. त्यांच्या बियांच्या मिश्रणात दोन भाग निर्जंतुक केलेली पोयट्याची माती, एक भाग पीट (दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा भुसा) आणि एक भाग वाळू होती, आणि खत म्हणून फक्त थोडे सुपरफॉस्फेट व खडूची भुकटी. वरून नत्र किंवा पालाश त्यांनी घातलेच नाही. ते मोठ्या रोपांच्या मिश्रणासाठी राखून ठेवले.

आपल्याकडे पीटची जागा कोकोपीटने घेतली आहे, आणि बियांसाठी दुकानात जाताना पहिली वस्तू तीच घ्यावी. नारळाच्या सोडणाचा हा भुसा पाणी भरपूर धरतो आणि तरीही हवेला जागा ठेवतो. मात्र त्याच्या आतही क्षार लपलेले असतात. सोडणात पोटॅशियम मुळातच असते, आणि सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवली असतील तर सोडियमही येते. त्यामुळे कोकोपीट दाबून केलेल्या विटेच्या वेष्टनावर ‘लो ईसी’ किंवा ‘धुतलेले’ असे लिहिले आहे का ते पाहावे. ‘बफर्ड’ लिहिले असेल तर उत्तम, कारण त्यात कॅल्शियमच्या द्रावणाने कणांना चिकटलेले सोडियम-पोटॅशियम हुसकावून लावलेले असते, जे साध्या पाण्याने पूर्ण निघत नाही. स्वस्त वीट आणली असेल तर ती फुलवून, तांबूस पाणी दोन-तीन वेळा ओतून टाकून, मगच वापरावी. गांडूळखत मिसळायचेच असेल तर ते एकूण मिश्रणाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको, आणि तेही चाळलेले हवे. सरकारी मानकानुसार कंपोस्टाचे ९० टक्के कण ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेले की पुरते, पण टोमॅटोचे बी त्या भोकापेक्षा लहान असते, आणि जाड खड्यांमध्ये पडलेल्या बीला ओल सगळीकडून लागत नाही. गांडूळखताची आणखी एक मर्यादा म्हणजे ते तापत नाही. ढीग तापून ५५ अंश सेल्सियसच्या वर गेला तर तणांच्या बिया आणि रोगजंतू मरतात, पण त्या उष्णतेत गांडुळेही जगत नाहीत, म्हणून गांडूळखतात तणांच्या बिया जिवंत राहू शकतात.

ज्यांच्या घरी पिण्याच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजायचा पेनासारखा मीटर आहे, त्यांना पिशवीची परीक्षा पाऊण तासात करता येईल. एक वाटी ओलसर मिश्रणात पाच वाट्या शुद्धीकरण यंत्राचे पाणी घालावे, ढवळून अर्धा तास ठेवावे, फडक्यातून गाळावे आणि मोजावे. मूळ पाण्याचा आकडा वजा करून उत्तर १७५ च्या आत आले, तर ते बियांसाठी ठीक. बऱ्याच मीटरांच्या हिशोबाने ते ईसी ०.३५ च्या आसपास असते. हाच आकडा ५०० आला तर ते खत रोपे मोठी होईपर्यंत बाजूला ठेवावे.

मीटर फक्त क्षार सांगतो. खत अर्धवट कुजलेले असेल तर त्यातला अमोनिया आणि सेंद्रिय आम्ले मूलांकुराला मारतात, आणि ती मीटरला नीट ओळखता येत नाहीत. त्यासाठी जिवंत साक्षीदार लागतो, आणि तो आपल्या स्वयंपाकघरात आहे. इटलीच्या फ्रांको झुक्कोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये कंपोस्टची परिपक्वता तपासण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात वापरलेले बी म्हणजे अळीव, तेच ज्याचे लाडू आपण बाळंतिणीला देतो. ते भराभर रुजते आणि विषारी द्रव्यांना चटकन प्रतिसाद देते. दोन ताटल्यांत टिपकागद घालून एकीत वरचे गाळलेले पाणी आणि दुसरीत साधे शुद्ध पाणी घालावे, प्रत्येकीत वीस-वीस दाणे पसरून झाकण ठेवावे. दोन दिवसांनी मोड आलेले दाणे मोजावे आणि मुळांची लांबी पट्टीने मापावी. रुजलेल्यांचे प्रमाण आणि मुळांची लांबी, दोन्ही साध्या पाण्याच्या तुलनेत काढून त्यांचा गुणाकार करायचा. तो ८० टक्क्यांच्या वर आला तर खत निर्धोक, ५० च्या खाली आला तर ते अजून कच्चे किंवा फार खारे.

यंदा मी दोन पिशव्या अशा तपासल्या. पहिलीच्या पाण्यात वीसपैकी अठरा दाणे रुजले, पण मुळे जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांब आणि टोकाला तपकिरी होती, तर साध्या पाण्यातली दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली होती. नुसते मोड मोजले असते तर ती पिशवी उत्तीर्ण झाली असती. दुसऱ्या पिशवीतली मुळे पांढरीशुभ्र आणि साध्या पाण्यातल्यांइतकीच लांब होती. तिच्यातले एक भाग खत मी तीन भाग धुतलेल्या कोकोपीटमध्ये मिसळले आणि त्यात मिरची टाकली. नवव्या दिवशी पहिले रोप मान वाकवून वर आले.